इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर एक, हिशेब तीन

इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते आणि नोव्हेंबरच्या मध्यात त्या आणि त्यांचे यजमान पहिल्यांदाच तिच्याकडे निघाले आहेत. संगणकावर शोधले तर इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर १३,०४० किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ साडेचौदा तास दिसतो. मुलीने पाठवलेल्या तिकिटावर मात्र एकूण प्रवास ३० तास ५० मिनिटांचा आहे. त्यातच तिकिटावरच्या वेळा पाहाव्यात तर मंगळवारी संध्याकाळी ७.३० ला इंदूर सोडायचे आणि बुधवारी दुपारी १२.५० ला तिथे उतरायचे, म्हणजे अवघे १७ तास २० मिनिटे. फेब्रुवारीतल्या परतीच्या प्रवासात मात्र बुधवारी दुपारी निघून शुक्रवारी सकाळी घरी. "यांतले खरे कोणते मानायचे, आणि मुंबई व दुबई असे उलट्या दिशेने जाण्यापेक्षा दिल्लीहून गेलो असतो तर जवळ पडले नसते का?" असे त्या विचारतात.

तीन दशकांहून अधिक काळ मी उड्डाण-नियोजनाचे काम केले आहे. वैमानिक विमानात चढण्यापूर्वी त्याच्या हातात जो मार्ग, वाऱ्याचा अंदाज, इंधनाचा हिशेब आणि अडचणीच्या वेळी उतरायच्या विमानतळांची यादी पडते, ती तयार करणारा माणूस म्हणजे मी. आमच्या भाषेत डिस्पॅचर. त्या अनुभवावरून सांगतो की ताईंनी दिलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत. घोटाळा एवढाच झाला आहे की एक आकडा पृथ्वीच्या आकाराचा आहे, दुसरा विमानसेवांच्या जाळ्याचा आहे, तिसरा दोन गावांच्या घड्याळांचा आहे, आणि तिघांनाही आपण 'प्रवासाचा वेळ' असे एकच नाव देऊन बसलो आहोत.

आधी अंतराचे पाहू, कारण दिल्लीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. इंदूरचा विमानतळ साधारण २२.७२ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.८० अंश पूर्व रेखांशावर आहे, तर सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६२ अंश उत्तर आणि १२२.३८ अंश पश्चिम. पृथ्वीच्या केंद्रापासून या दोन ठिकाणांकडे दोन रेषा काढल्या तर त्यांच्यामध्ये सुमारे ११७.३ अंशांचा कोन होतो, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर; गुणाकार केला की १३,०४० किलोमीटरांच्या आसपासचा आकडा मिळतो. अंतर दाखवणारी सगळी संकेतस्थळे हेच गणित करतात. त्यांना ना विमान ठाऊक असते, ना वारा, ना कोणत्या देशाचे आकाश आज बंद आहे ते. विमानचालनात आम्ही किलोमीटर वापरत नाही, सागरी मैल वापरतो, आणि त्याचे कारण हेच आहे की अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर, कोन काढला की अंतर आपोआप हातात येते.

आता हा सर्वांत जवळचा मार्ग जातो कुठून? शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला असते, त्यामुळे आपल्या मनात अशी समजूत घट्ट बसलेली असते की अमेरिकेला पश्चिमेकडून, म्हणजे अरबस्तान आणि युरोप ओलांडूनच जायचे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक इंदूरवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून तो ताणावा. दोरा पश्चिमेला जात नाही आणि खऱ्या अर्थाने पूर्वेलाही जात नाही. तो इंदूरहून जवळजवळ उत्तरेकडे, अगदी किंचित पूर्वेला झुकून निघतो. तिबेटचा पश्चिम भाग, शिनजियांग, अल्ताई पर्वत, सैबेरिया असे करत तो पूर्व सैबेरियाच्या उत्तरेकडील गोठलेल्या समुद्रावर ७५ अंश अक्षांशापर्यंत चढतो आणि मग अलास्कावरून, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याच्या कडेने खाली उतरत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचतो. गोलावरच्या अशा ताणलेल्या दोऱ्याला गणितात महावृत्ताचा कंस म्हणतात. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कार्यालयात खरोखरच एक मोठा गोल आणि दोरा होता, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी तोच हातात दिला जाई.

इंदूरच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपण ज्या रेखांशावर राहतो त्याला मोठी परंपरा आहे. भारतीय सिद्धांतग्रंथांनी जी मध्यरेषा मानली ती लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी. उज्जैनचा रेखांश आणि आपल्या विमानतळाचा रेखांश जवळजवळ एकच आहे. त्या रेषेपासून एखादे गाव किती पूर्वेला वा पश्चिमेला आहे यावरून ग्रहांच्या स्थितीत करायच्या दुरुस्तीला ते 'देशांतर' म्हणत. त्याच ग्रंथांत लंकेपासून पृथ्वीच्या पाऊण, अर्ध्या आणि पाव फेरीवर तीन नगरे कल्पिली आहेत: रोमक, सिद्धपूर आणि यमकोटी. लंकेत सूर्योदय होतो तेव्हा सिद्धपुरात सूर्यास्त असतो, असे आर्यभटाने सांगितले आहे. आपल्या रेखांशाच्या नेमकी पाठीमागची रेषा आज अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यावरून जाते आणि डेन्व्हरचा विमानतळ जवळजवळ तिच्यावरच आहे. म्हणजे इंदूरहून डेन्व्हरचा सर्वांत जवळचा रस्ता अक्षरशः उत्तर ध्रुवावरून जातो, आणि सॅन फ्रान्सिस्को या सिद्धपूर-रेषेच्या थोडे पलीकडे असल्यामुळे दोरा ध्रुवाच्या बाजूने सरकून सैबेरियाकडे झुकतो.

यातून दिल्लीचा खुलासा होतो. इंदूर ते दिल्ली ६६० किलोमीटर आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८० किलोमीटर, बेरीज १३,०४०. म्हणजे दिल्लीत उतरून विमान बदलले तरी नकाशावर अंतर जवळपास वाढतच नाही, कारण दिल्ली वाटेवरच आहे. मुंबई मात्र पाठीकडे आहे: इंदूर ते मुंबई ५०६ आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को १३,५१०, म्हणजे हजारभर किलोमीटरांचा भुर्दंड. आता ताईंच्या तिकिटातल्या दुबईची गंमत पाहावी. मुंबई ते दुबई १,९३० किलोमीटर पश्चिमेला गेल्यावर, जे अमेरिकेला पश्चिमेकडून जायचे असे मानतात त्यांना वाटते की तेवढे अंतर कापले गेले. प्रत्यक्षात दुबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतरही १३,०४० किलोमीटरच आहे, इंदूरहून जेवढे होते तेवढेच! दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को हे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर असल्याने त्यांच्यामधला दोरा उत्तर ध्रुवापासून दोनशे किलोमीटरांवरून जातो. इंदूरहून दुबईपर्यंत आपण २,४०० किलोमीटर उडालो, पण मुलीच्या गावाच्या जवळ एक किलोमीटरही सरकलो नाही. एकूण बेरीज १५,५०० च्या घरात जाते. फ्रँकफुर्टमार्गे गेल्यास दिल्लीपर्यंतचे ६६०, पुढे ६,१२० आणि ९,१५० मिळून सुमारे १५,९३०, तर मुंबई-सिंगापूरमार्गे १८,००० किलोमीटर होतात.

मग एवढे फेरे का? याचे उत्तर इंदूरकरांना रेल्वेने कधीच शिकवले आहे. मुंबईला जाणारी आपली अवंतिका एक्सप्रेस इंदूरहून निघते ती दक्षिणेला नव्हे, आधी उत्तरेला उज्जैनकडे. मग नागदा, रतलाम, वडोदरा असे करत मुंबईला पोहोचते. पाचशे किलोमीटरांवरच्या मुंबईसाठी गाडी आठशेहून अधिक किलोमीटर चालते आणि कोणाला त्याचे आश्चर्य वाटत नाही, कारण रूळ जिकडे आहेत तिकडूनच गाडी जाणार. आकाशात रूळ दिसत नाहीत म्हणून आपण गृहीत धरतो की विमान वाटेल तिकडून जाईल. पण विमानसेवांचेही जंक्शन असते, आणि दुबई हे तसलेच एक मोठे जंक्शन आहे.

इंदूरहून थेट विमान का नाही, हाही प्रश्न कोणीतरी विचारेल म्हणून तो इथेच उरकतो. बिजासनच्या टेकडीला लागून असलेल्या आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाची धावपट्टी सुमारे २,७५० मीटर लांब आहे आणि समुद्रसपाटीपासून उंची साडेपाचशे मीटरांच्या वर आहे. आपल्याकडे उतरणाऱ्या एअरबस ए-३२० जातीच्या विमानांचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ऐंशी टनांच्या आत असते. त्यांना ही पट्टी पुरून उरते. अमेरिकेपर्यंत जाणाऱ्या बोइंग ७७७-३०० ईआर या विमानाचे हेच वजन साडेतीनशे टनांपर्यंत जाते आणि त्यातले १४५ टनांपर्यंत नुसते इंधन असू शकते. माळव्याच्या उंचीवर, एप्रिल-मेच्या विरळ तापलेल्या हवेत, एवढे वजन या पट्टीवरून उचलता येत नाही. पट्टी लांबवली तरी रोज तीनशे प्रवासी एकाच गावाला जाणारे मिळायला हवेत, आणि तो हिशेब धावपट्टीच्या हिशेबाहून कठीण आहे. इंदूरचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान १५ जुलै २०१९ रोजी दुबईला गेले, ते छोटे विमान होते आणि तेच योग्य होते.

आता साडेचौदा तासांकडे येऊ. १३,०४० ला ताशी ९०० किलोमीटरांनी भागले की १४ तास २९ मिनिटे येतात. वेग त्यांनी बरा धरला आहे. मोठी जेट विमाने ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पटीने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, म्हणून विमानाचा हवेतला वेग ताशी ८९० ते ९०० होतो. पण हा हवेतला वेग आहे, जमिनीच्या हिशेबातला नाही, आणि हवा स्वतः वाहत असते. मध्य अक्षांशांवर आठ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जे वेगवान वारे वाहतात त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्या पुढे सहज जातो. फ्रँकफुर्ट ते सॅन फ्रान्सिस्को हे ९,१५० किलोमीटर जाताना सरासरी साठ किलोमीटरांचा वारा समोरून आला तर १० तास ५४ मिनिटे लागतात, आणि परतताना तोच पाठीमागून मिळाला तर ९ तास ३२ मिनिटे. जाता-येता हिशेब फिटेल असे वाटते, पण तो पूर्ण फिटत नाही. वारा नसता तर दोन्ही मिळून जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा तो थोडा जास्तच भरतो, कारण उलट्या वाऱ्यात आपण अधिक वेळ घालवतो.

वाऱ्याचे सामर्थ्य दाखवणारे एक उदाहरण आमच्या धंद्यात फार सांगितले जाते. एअर इंडियाचे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरांच्या मार्गाने जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेले. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झाले, पण वारा पाठीशी आल्यामुळे ते साडेचौदा तासांत पोहोचले, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी. चौदाशे किलोमीटर जास्त आणि दोन तास कमी! ज्या माणसाला फक्त अंतराचा तक्ता ठाऊक आहे त्याला हे खोटे वाटेल; उड्डाण-नियोजन करणाऱ्याला ते रोजचे आहे. आम्ही जमिनीवरचे अंतर शोधत नाही, हवेतले अंतर शोधतो, आणि ते दररोज वेगळे असते. म्हणूनच त्याच विमानाचा मार्ग सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरा असू शकतो.

मार्ग दोऱ्याप्रमाणे का आखता येत नाही याची कारणे वाऱ्यावरच संपत नाहीत. दोरा तिबेटवरून जातो, पण आम्ही विमान शक्यतो तिथून नेत नाही. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला सुमारे दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरांपर्यंत खाली यावे लागते, कारण डोक्यावरून खाली लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू प्रवाशांना साधारण पंधरा मिनिटेच पुरतो. तिबेटचे पठारच साडेचार किलोमीटर उंच आहे. खाली यायचे म्हटले तर खाली जमीन आहे. तिथून जायचे झाल्यास जास्तीचा प्राणवायू आणि सुटकेचे ठरवून ठेवलेले मार्ग लागतात, म्हणून बहुतेक विमाने हिमालयाला पश्चिमेने किंवा पूर्वेने वळसा घालतात. पश्चिमेचा वळसा पाकिस्तानवरून आहे, आणि २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ते आकाश बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. अशा वेळी दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमाने आधी दक्षिणेला गुजरात आणि अरबी समुद्राकडे उतरतात आणि मग वळतात. तास-दीड तास तिथेच जातो, आणि काहींना इंधन भरायला वाटेत उतरावेही लागते. रशियाचे आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय आणि आखाती कंपन्यांना नाही. त्यामुळे एकाच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या विमानांना वेगवेगळा वेळ लागतो, आणि त्यात विमानाचा काही दोष नसतो.

उत्तरेकडच्या थंडीचाही विचार करावा लागतो. विमानात जे जेट ए-१ इंधन भरतात ते उणे ४७ अंशांना गोठू लागते, आणि ध्रुवाजवळच्या हवेत बाहेरचे तापमान त्याच्याही खाली जाते. पंखांतले इंधन तासन्‌तास त्या थंडीत राहिले तर वैमानिकाला खाली उतरून उबदार हवा शोधावी लागते किंवा वेग वाढवावा लागतो. दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मिनिटांत, बहुधा १८० मिनिटांत, कुठल्यातरी योग्य विमानतळावर पोहोचता आले पाहिजे असा नियम असतो, म्हणून अख्खा मार्ग अशा विमानतळांच्या वर्तुळांतून ओवावा लागतो. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एक विमान इंजिनाच्या शंकेमुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान इथे सुखरूप उतरले, ते याच आधीच करून ठेवलेल्या तयारीमुळे. शिवाय अंदाज चुकला तर म्हणून प्रवासाला लागणाऱ्या इंधनाच्या साधारण पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतके, आणि त्यावर तीस मिनिटे घिरट्या घालण्याइतके इंधन बरोबर न्यावे लागते. इंधन वाहून न्यायलाही इंधन जळते; सोळा तासांच्या उड्डाणात ही साधी गोष्ट फार महाग पडते.

आता तिकिटाचे ३० तास ५० मिनिटे उकलू. इंदूर ते मुंबई १ तास २५ मिनिटे, मुंबईत थांबणे ७ तास ५ मिनिटे, मुंबई ते दुबई ३ तास १५ मिनिटे, दुबईत थांबणे ३ तास ५ मिनिटे आणि दुबई ते सॅन फ्रान्सिस्को १६ तास. विमानातला वेळ २० तास ४० मिनिटे आणि विमानतळावरचा १० तास १० मिनिटे. यातही विमानातला वेळ म्हणजे उडण्याचा वेळ नव्हे. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलते तेव्हापासून ते पोहोचल्यावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. इंदूर ते मुंबई ही पाचशे किलोमीटरांची वाट हवेत तासाभराची. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात आणि मुंबईवर उतरण्याची पाळी येईपर्यंत जातो. जवळच्या प्रवासात हा वाटा फार मोठा असतो, दूरच्या प्रवासात नगण्य.

मुंबईतले सात तास पाहून मुलीवर रागावू नये. देशांतर्गत विमान जिथे उतरते ते टर्मिनल आणि परदेशी विमान जिथून सुटते ते टर्मिनल वेगळे असू शकते, पारपत्राची तपासणी मुंबईतच व्हायची असते, आणि परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहणे बरे. इंदूरचे विमान दोन तास उशिरा आले तरी पुढचे चुकणार नाही, ही तजवीज मी असतो तरी केली असती. सगळे टप्पे एकाच तिकिटावर आहेत ना एवढे मात्र मुलीला विचारून घ्यावे, कारण तसे असेल तर पुढचे विमान चुकल्यास पर्याय देणे कंपनीवर असते, आणि सामान कुठपर्यंतचे बांधले आहे हे इंदूरच्या खिडकीवरच विचारावे.

उरला घड्याळाचा हिशेब. इंदूरचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे चालते; सॅन फ्रान्सिस्कोचे हिवाळ्यात ग्रिनिचच्या आठ तास मागे. दोघांतले अंतर साडेतेरा तास. तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या-त्या गावच्या घड्याळातल्या असतात. बुधवारी दुपारी १२.५० ला ताई तिथे उतरतील तेव्हा राजेंद्रनगरात गुरुवारची पहाट व्हायची असेल: रात्रीचे २.२०. मंगळवारच्या ७.३० पासून मोजले की बरोबर ३० तास ५० मिनिटे होतात, आणि १७ तास २० मिनिटांत साडेतेरा तास मिळवले तरी तेच. परतीचे गणित उलटे आहे. बुधवारी दुपारी ३.४५ ला निघून शुक्रवारी सकाळी ७.२० ला इंदूर, म्हणजे घड्याळात ३९ तास ३५ मिनिटे. त्यातून साडेतेरा वजा केले की खरा प्रवास २६ तास ५ मिनिटांचा उरतो. जातानापेक्षा तो पावणेपाच तासांनी कमी आहे, आणि त्यातला बहुतेक फरक वाऱ्याचा नसून मुंबईत कमी थांबण्याचा आहे. दुबई-सॅन फ्रान्सिस्को मार्ग उत्तर-दक्षिण दिशेने जातो, त्यामुळे पश्चिमेचा वारा त्याला कडेने लागतो. जाण्या-येण्यात फार तर वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो.

एक सावधगिरी सांगतो, कारण त्यात मी स्वतः फसलो आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. जन्मभर उड्डाणांचे वेळ मोजलेल्या मी सून शिकागोला उतरणार ती वेळ मुलाला फोनवर सांगताना हा एक तास विसरलो, आणि ती बिचारी सामान घेऊन तासभर विमानतळावर उभी राहिली. कामावर आम्ही सगळे ग्रिनिचच्याच वेळेत लिहीत असू, म्हणून तिथे ही चूक व्हायची सोय नव्हती. घरी आल्यावर अक्कल गहाण पडली. ताई नोव्हेंबरच्या मध्यात निघत आहेत, म्हणजे साडेतेरा तासांचाच फरक धरावा. मुक्काम लांबून परतीचे तिकीट मार्चच्या मध्यानंतरचे झाले तर साडेबारा धरावा.

शेवटी निवडीबद्दल, कारण त्यांनी ते विचारले आहे. दिल्लीहून थेट विमानाचे तिकीट मिळाले असते तर नकाशावरचे चोवीसशे किलोमीटर वाचले असते, विमानात सुमारे तीन तास कमी बसावे लागले असते आणि एकदा कमी बदलावे लागले असते. आकाश बंद असण्याच्या काळात यातला काही फायदा वळशात विरतो. पण एका बैठकीत पंधरा-सोळा तास बसणे दोन्हीकडे अटळ आहे, आणि गुडघ्यांचे दुखणे असलेल्या माणसाला एकूण तासांपेक्षा ही एक बैठकच जास्त छळते. अशांना मी फ्रँकफुर्ट किंवा लंडनमार्गे जायला सांगतो: अंतर जास्त पडते, पण प्रवास आठ-नऊ आणि अकरा-बारा तासांच्या दोन तुकड्यांत विभागला जातो. दिल्लीमार्गे जायचे तर डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंतच्या धुक्याचे दिवस टाळावेत. सकाळचे इंदूर-दिल्ली विमान त्या दिवसांत किती वाजता उतरेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ताईंचे तिकीट निघालेलेच आहे आणि ते चांगले आहे, बदलण्याचे कारण मला दिसत नाही. फक्त दोघांच्याही जागा मधल्या वाटेला लागून मागून घ्याव्यात, म्हणजे दर दीड-दोन तासांनी उठून फिरताना शेजाऱ्याला उठवावे लागणार नाही.

आणि मुलीला सांगून ठेवावे की विमान बुधवारी १२.५० ला उतरणार असले तरी पारपत्र तपासून, सामान घेऊन बाहेर यायला दोन तरी वाजतील. तिने जेवून निघाले तरी चालेल.